रिकाम्या पेटीला खळखळाट फार

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय: इलेक्ट्रिक गाडीच्या टपावरची ती काळी, चकचकीत, बंद पेटी. म्हणजे रूफ बॉक्स. हिंजवडीतल्या आमच्या पार्किंगमध्ये हल्ली अशा दोन-तीन गाड्या रोज दिसतात. सोमवारी सकाळीसुद्धा! लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर, डबा पुढच्या सीटवर, आणि टपावरच्या पेटीत शुद्ध हवा.

पेटीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. विरोध आहे तो ती बाराही महिने टपावर मिरवण्याला, आणि "काही फरक पडत नाही हो सर" म्हणत ती गळ्यात मारणाऱ्यांना. फरक पडतो. ईव्हीत तर चांगलाच टोचतो. का, ते लाइट बिलाच्या भाषेत बघू.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४५ लिटरच्या टाकीत झाली ४०० युनिटं. तुमच्या ईव्हीची बॅटरी धरा ४५ युनिटांची. म्हणजे फक्त ५ लिटर पेट्रोल! एवढ्यावर ती अडीचशेच्या वर किलोमीटर जाते, कारण मोटर फारसं काही वाया घालवत नाही. पेट्रोलचं इंजिन मात्र बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता म्हणून उधळतं, आणि त्या उधळपट्टीत पेटीचा खर्च लपून जातो. ईव्ही म्हणजे महिनाअखेरचा मध्यमवर्गीय माणूस. तिथे दहा रुपये इकडेतिकडे झाले तरी कळतं.

आता आकडे. ही बारावीच्या फिजिक्सची साधी आकडेमोड आहे. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चित्र हेच राहील. १८०० किलोची ईव्ही, एसी चालू, सपाट रस्ता, ताशी १०० चा वेग. १०० किलोमीटरला साधारण १६ युनिटं लागतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त निव्वळ हवा बाजूला सारण्यात जातात. पेटीमुळे हवेचा विरोध चौथ्या हिश्शाने वाढला असं धरा. खर्च जातो १८.४ युनिटांवर. म्हणजे पूर्ण बॅटरीवर २८० किलोमीटर जाणारी गाडी आता २४५ च जाणार. ३५ किलोमीटर गायब! रात्री, पावसात, घाटाच्या तोंडाशी, मागे पोरं झोपलेली असताना बॅटरी ८ टक्क्यांवर आली की या ३५ किलोमीटरची किंमत कळते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही पेटीत जड काही ठेवतच नाही." अहो, वजनाचा प्रश्नच नाही! ६० किलो सामान खोपोलीहून लोणावळ्याला चढवायला एक दशांश युनिटसुद्धा लागत नाही. शिवाय घाट उतरताना मोटर त्यातलं थोडं परत बॅटरीत भरते. हवेला दिलेलं मात्र कायमचं गेलं. हवा बघते फक्त पेटीचा आकार. आत आंब्याच्या पेट्या आहेत की काहीच नाही, तिला देणंघेणं नाही. म्हणून रिकामी पेटी जवळजवळ भरलेल्या पेटीइतकंच खाते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे शीळही जास्त ऐकू येते, ती वेगळीच.

आता माझा लाडका आकडा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पेटी लावून ताशी ८० ने गेलात तर १०० किलोमीटरला साधारण १४.४ युनिटं लागतात. पेटी काढून १०० ने गेलात तर १६. म्हणजे पेटीवाली गाडी पुढे जाते! २०० किलोमीटरला अर्धा तास जास्त लागेल, पण चार्जरच्या रांगेत तो कधीच भरून निघतो. पेटी लावायची तर उजव्या पायाला आवर घाला. दोन्ही हौशी एका बॅटरीत बसत नाहीत.

बसवण्याबद्दलही थोडं. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या टपावरच्या दांड्या निव्वळ शोभेच्या असतात, वजन पेलायला नसतातच. दुकानदार त्यांनाच पेटी आवळून देतो आणि आपण सेल्फी काढतो. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात टपाची मर्यादा ७५ किलो लिहिली असेल, तर पेटी आणि आडव्या दांड्यांचं वजनही त्यातच धरायचं. सामानाला उरतात पन्नासेक किलो. मर्यादा लिहिलीच नसेल तर विषय संपला, पेटी लावू नका. जड बॅगा डिकीत, कपडे-पांघरुणं वर. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून सगळे क्लॅम्प पुन्हा तपासायचे. आणि सनरूफसाठी लाखभर जास्त मोजून त्याच्यावरच पेटी ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

"काढून ठेवू कुठे, टू बीएचकेमध्ये?" हा आक्षेप मात्र खरा आहे. पण मग प्रत्येकाने एक घ्यायचीच कशाला? आडव्या दांड्या गाडीगणिक वेगळ्या लागतात, पेटी मात्र बहुतेक दांड्यांवर बसते. सोसायटीतल्या चार घरांत मिळून एक घ्या. गणपतीला कोकणात कोण नेणार, दिवाळीत कोण, ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवा. नाहीतरी त्या ग्रुपवर पार्किंगच्या भांडणांशिवाय दुसरं काय चालतं?

आणि वर्षातल्या आठ दिवसांच्या सामानासाठी मोठी एसयूव्ही घ्यायला निघालेल्यांनो, तुम्ही तर ३६५ दिवस जास्तीची हवा कापणार आहात. त्यापेक्षा छोटी ईव्ही आणि आठ दिवसांची पेटी कधीही शहाणपणाची.

शेवटची तक्रार कंपन्यांकडे. आपल्याकडे रेंजचा सरकारी आकडा ज्या चाचणीतून येतो, तिचा सर्वोच्च वेगच ताशी ९० आहे, तोही थोडा वेळ. एक्स्प्रेसवेवरची मर्यादा १००. टपावर पेटी तर त्या चाचणीत नसतेच. २०२४ मध्ये टाटांनी रोजच्या वापराला जवळचा 'सी७५' नावाचा आकडा द्यायला सुरुवात केली. चांगलं केलं. म्हणजे खरं बोलूनही गाड्या विकता येतात. मग पुढचं पाऊल टाका. जी कंपनी स्वतःच्या अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत रूफ बॉक्स विकते, तिने त्याच पानावर दोन आकडे छापावेत: टपावर किती किलो चालेल, आणि ताशी १०० ने पेटीसकट गाडी किती जाईल. सनरूफचे फोटो अर्धं पान खातात, तिथे दोन ओळींना जागा नाही?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. सहलीहून आलात की गाडी धुवायच्या आधी पेटी उतरवा. दोन माणसं, पंधरा मिनिटं. दांड्यासुद्धा काढा, त्याही हवा अडवतात.

असो. बाकी भांडण कॉमेंट्समध्ये. आकड्यांसकट आलात तर चहा माझ्याकडून :-)