यात तुझं काय?

दोन किट मोडून एक गाडी करणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘यात तुझं काय?’ बॉडी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं, चाकं तिसरीकडची. मग तू केलंस काय? नुसतं चिकटवलंसच की! हा प्रश्न मला घरी ऐकावा लागलाय, कट्ट्यावर ऐकावा लागलाय, आणि गेल्या वर्षी एका प्रदर्शनात परीक्षकांकडूनही. तिथं माझी सेडान ‘ओरिजिनल नाही’ म्हणून स्पर्धेतून बाजूला ठेवली गेली. बक्षीस गेलं त्याचं फारसं काही नाही. पण ‘ओरिजिनल’ या शब्दाचा आपण जो अर्थ धरून बसलोय तो मला पटत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. स्केल मॉडेल किट म्हणजे खऱ्या गाडीची मापात लहान केलेली आणि सुट्या भागांत आलेली प्रत. डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग, रबरी टायर, स्टिकर आणि जोडणीचा कागद निघतो. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीवरचं २४ सेंटिमीटर अंतर मॉडेलवर १ सेंटिमीटर. कागदाप्रमाणे जोडत गेलं की डब्यावरच्या चित्रासारखी गाडी तयार होते. त्यातही कौशल्य लागतंच, नाही असं नाही. पण बाजारात मिळणाऱ्या किटांत भर असतो तो स्पोर्ट्स कारचा आणि दोन दारांच्या गाड्यांचा. चार दारांची, मागं डिकी असलेली, आईवडील-पोरं घेऊन जत्रेला जाणारी साधी सेडान त्यात कमीच. आणि आपल्या मनातली सेडान तर कुठल्याच डब्यात नसते. ती हवी असेल तर एका किटची बॉडी, दुसऱ्याचा सांगाडा, तिसऱ्याची जाळी असं जमवावं लागतं. या जोडकामाला जगभर किटबॅशिंग म्हणतात.

आता ‘नुसतं चिकटवणं’ म्हणजे काय ते बघा. पहिली अडचण मापाची. जपानी गाड्यांची किटं बहुधा १:२४ ची, अमेरिकन किटं बहुधा १:२५ ची. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. उदाहरण म्हणून फियाट १२४ घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४२० मिलिमीटर. १:२४ मध्ये ते होतं १००.८ मिलिमीटर आणि १:२५ मध्ये ९६.८. चार मिलिमीटरचा फरक! म्हणजे बॉडी एका मापाची आणि चॅसी दुसऱ्या मापाची घेतली, की चाक कमानीच्या मधोमध न बसता एका अंगाला सरकतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण गाडी डोळ्याला खुपत राहते. मग चॅसी मधोमध कापायची, चार मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी घालायची, आणि शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, आतल्या सीटा, सगळं त्या हिशेबानं पुढंमागं करायचं.

दुसरी अडचण, कापायचं कुठं? छत वाटेल तिथं कापून चालत नाही. दाराची फट, बॉनेटची कड, खिडकीच्या खांबाचा पायथा, अशा जिथं गाडीला मुळातच रेघ आहे तिथं कापलं, की सांधा त्या रेघेत लपतो. सपाट पत्र्याच्या मधोमध कापलं तर पुट्टी आणि सँडपेपर घेऊन आठवडाभर बसा. कापतानाही भाग थोडा जास्तच ठेवायचा आणि मग घासत घासत मापाला आणायचा. कमी कापलेलं घासता येतं, जास्त कापलेलं परत येत नाही. गोंदाचीही तीच गत. किटचा पातळ गोंद प्लास्टिकचे दोन्ही काठ विरघळवून एकजीव करतो, पण दोन्हीकडचं प्लास्टिक एकाच जातीचं असेल तरच. खेळण्यातल्या गाडीचा भाग किटला लावायला गेलात, तर हाच गोंद दगा देऊ शकतो.

सगळं झाल्यावर करडा प्राइमर मारायचा. वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकमुळे जे दिसत नव्हतं, ते एकरंगी प्राइमरखाली स्पष्ट दिसतं. खड्डा, उंचवटा, वाकडा खांब, काहीच लपत नाही. परत पुट्टी, परत घासणं, परत प्राइमर. माझ्या सेडानला ही फेरी पाच वेळा झाली.

हे काम आपल्या बेळगावात तरी कुणाला परकं वाटू नये. उद्यमबागेतल्या पॅटर्नमेकरला विचारा. बीड ओतल्यावर थंड होताना शंभराला साधारण एक या प्रमाणात आकसतं, म्हणून तो पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, बीड बाजारातलं, भट्टी मालकाची. पण त्या एका टक्क्याचा हिशेब त्याचा असतो. त्याला कुणी ‘यात तुझं काय?’ म्हणून विचारत नाही, कारण हिशेब चुकला तर काय होतं ते फौंड्रीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि खऱ्या गाड्यांचं तरी काय वेगळं आहे? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही सेडान बाजारात आणली. बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची, म्हणजे १९६६ सालच्या गाडीची. इंजिन जपानच्या निसानचं, ११७१ सीसी. नावातलं ‘एनई’ म्हणजेच निसान इंजिन! हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा घ्या. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, इंजिन आधी ॲम्बेसिडरमधलं १४८९ सीसीचं आणि पुढं जपानच्या इसुझूचं. मोठ्या मापातलं हे किटबॅशिंगच की. परकं इंजिन बॉडीत बसवताना त्याचे आधार, गिअरच्या दांड्याची जागा, शाफ्टची लांबी, सगळं नव्यानं जुळवावं लागतं. तरी या गाड्यांना कुणी ‘चिकटवलेल्या’ म्हणालं नाही. लोकांनी नंबर लावून त्या घेतल्या, लग्नाच्या वराती काढल्या आणि अजूनही जुन्या गाड्यांचे शौकीन त्या जपून ठेवतात.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मुळापासून नवं घडवणारा आणि जोडणारा यांना एका पंगतीत कसं बसवायचं? मान्य. निपाणीपासून जवळच्याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः घडवली होती. स्वातंत्र्याच्या आसपास सुरुवात करून पुढं कित्येक वर्षं ते तिचे सुधारित नमुने करत राहिले. इंजिन मागच्या बाजूला असलेली ती गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर धावली, पण कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. अशा माणसापुढं मी माझी सेडान घेऊन उभा राहणार नाही. त्यांचा मान वेगळा आणि तो वेगळाच राहावा. पण म्हणून जोडणाऱ्याचं काम शून्य ठरत नाही. स्पर्धेत दोघांचे गट वेगळे करा, एवढंच माझं म्हणणं. सुतारकामात नाही का, झाड कुणीच घडवत नाही. तरी खुर्चीचा सांधा सुताराचाच असतो.

खरी काळजी मला दुसरीच वाटते. ‘ओरिजिनल’ या शब्दाला आपण इतके भुलतो, की मुलं जोडलेलं लपवायला शिकतात. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? वरचं नाव बदललं की झालं काम. निबंधाचंही तेच. इकडून दोन परिच्छेद, तिकडून तीन, आणि खाली सही आपली. ते ‘ओरिजिनल’ म्हणून खपतं, कारण कुठून घेतलं ते कुणी सांगत नाही आणि विचारणाराही कुणी नसतो. उलट जो उघडपणे म्हणतो, ‘बॉडी या किटची, चॅसी त्या किटची, मधली पट्टी माझी’, तो मात्र बाद. खरं बोलण्याची शिक्षा अशी मिळायला लागली, तर उद्या कोण खरं बोलेल? चोरी आणि जोडकाम यांत मला दोनच फरक दिसतात. जोडणारा मूळ मालकाचं नाव घेतो आणि सांध्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. चोर यातलं काहीच करत नाही.

मराठी मंडळाच्या अंकात हे सगळं का सांगतोय, असं कुणाला वाटेल. तर आपली भाषाच बघा की. अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे शब्द कन्नडशी नातं सांगणारे, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. टेबल इंग्रजांकडून आलं, बटाटा पोर्तुगीजांकडून. म्हणून आपली मराठी कुणाची नक्कल ठरली का? सीमाभागात वाढलेल्या आपल्याला तर एका वाक्यात दोन भाषा नांदवायची सवयच आहे. ते वाक्य आपलंच असतं, कारण ते जुळवतो आपण.

तेव्हा प्रदर्शनं भरवणाऱ्यांना, आपल्या कॉलेजातल्यांनाही, माझी एक साधी सूचना आहे. मॉडेल असो, प्रोजेक्ट असो की निबंध, प्रत्येकाजवळ एक कार्ड ठेवायला सांगा. डाव्या बाजूला ‘काय कुठून घेतलं’, उजव्या बाजूला ‘मी काय केलं’. मॉडेल असेल तर रंगाआधीचा, करड्या प्राइमरमधला एक फोटो त्या कार्डाला जोडा. परीक्षकांनी मग उजव्या बाजूचे गुण द्यावेत आणि डावी बाजू कोरी सोडणाऱ्याला जरा जास्त प्रश्न विचारावेत. याला खर्च एका पुठ्ठ्याचा. माझं कार्ड मी लिहून तयार ठेवलंय. डावी बाजू सहा ओळींची झालीय, उजवी मागच्या पानावर गेलीय.