घटस्फोट एका राज्यात, गरज दुसऱ्या राज्यात: कोर्टाचा कागद शोधायचा कुठे?

इचोडा (जि. आदिलाबाद) : लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीमुळे सीमेवरच्या गावांत एक जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. नवरा-बायको कोर्टातून वेगळे झाले, त्याला वर्षं उलटली. पण तसं सांगणारा कागद आहे कुणाकडे? महाराष्ट्र सरकारने ई-केवायसीत महिलेच्या आधारसोबत पती किंवा वडिलांचा आधारही मागितला. ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी काय करायचं, अशी ओरड झाली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवताना सरकारने सांगितलं, की अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जमा करावी.

मुदती येतात आणि जातात. कागदाची गरज मात्र राहते. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित महिला बसते, तिथेही पुरावा लागतो. तेलंगणात एकट्या महिलांसाठी २०१७ पासून पेन्शन आहे, २०१९ पासून ती महिना २,०१६ रुपये झाली. तिथेही नवऱ्यापासून वेगळी राहते हे दाखवावं लागतं. दुसरं लग्न, जमिनीतला वाटा, बँकेतलं नॉमिनी, मुलांचे शाळेचे दाखले, सगळीकडे हाच प्रश्न येतो.

सोयरीक सीमा पाहत नाही

इचोडा, बोथ, आदिलाबाद, तिकडे किनवट, माहूर, पांढरकवडा, राजुरा हा सगळा सोयरिकीचा एकच पट्टा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, पण मुली देणं-घेणं थांबलं नाही. पैनगंगेच्या अलीकडची लेक पलीकडे नांदते, पलीकडची अलीकडे. संसार मोडला की ती माहेरी येते आणि केस कुठल्या तरी एका राज्यात उभी राहते.

कुठल्या, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ वर ठरतं. लग्न लागलं ते ठिकाण, समोरचा पक्षकार राहतो ते ठिकाण, दोघं शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही करता येतो. म्हणजे इचोड्यात लग्न लागलं, किनवटला संसार झाला आणि बाई आज चंद्रपूरला भावाकडे राहते, तर एका घटस्फोटासाठी निदान तीन जिल्ह्यांतली कोर्टं शक्य आहेत. कागद हवा असेल तर आधी नेमकं कोणतं कोर्ट, हे ठरवावं लागतं. अर्धे हेलपाटे इथेच होतात.

‘प्रमाणपत्र’ कुठल्याच खिडकीवर मिळत नाही

दुसरा घोळ शब्दाचा आहे. योजनेच्या सूचनेत ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ लिहिलेलं असतं म्हणून लोक मी-सेवा केंद्रात, सेतूत, ग्रामपंचायतीत चौकशी करत फिरतात. जन्म, मृत्यू आणि विवाहाचा दाखला मिळतो तसा घटस्फोटाचा दाखला आपल्याकडे कुठलंही कार्यालय देत नाही. अमेरिकेत काउंटी कोर्टाचा क्लार्क हुकूमनाम्याची प्रत देतो आणि कित्येक राज्यांत आरोग्य खात्याकडून घटस्फोटाचा छोटा दाखलाही वेगळा मिळतो. आपल्याकडे पुरावा एकच, ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाचा हुकूमनामा म्हणजे डिक्री.

हा हुकूमनामा फुकट मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३(४) सांगतं, की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. निकालाच्या दिवशी ‘झालं एकदाचं’ म्हणून माणसं घरी जातात. प्रत वकिलाच्या फाईलमध्ये राहते, वकील बदलतो, फाईल हरवते. पाच-दहा वर्षांनी कुणी कागद मागितला की शोध सुरू होतो.

खावटीचा आदेश म्हणजे घटस्फोट नव्हे, हेही लक्षात ठेवावं. पोलीस ठाण्यातला समझोता, पंचांसमोरचा कागद, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली सोडचिठ्ठी यांनीही हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. जातीत घटस्फोटाची रूढी असेल तर कलम २९(२) तिला मान देतं. पण ती रूढी मांडून सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कर्नाटकातल्या यमनाजी जाधव प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

शोध कसा घ्यायचा

केस नंबर माहीत असेल तर काम निम्मं झालं. नसेल तर जुना समन्स, वकिलाची पावती, खावटीच्या केसमधले कागद चाळावेत. त्यात नंबर सापडतो. तोही नसेल तर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा मोबाईल ॲप. राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की यादी येते. नाव इंग्रजीत कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून, म्हणून दोन-तीन स्पेलिंग करून पाहावीत. तेलंगणात आडनाव आधी आणि बऱ्याचदा नुसतं आद्याक्षर लिहितात, महाराष्ट्रात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एकच बाई दोन राज्यांच्या नोंदीत दोन नावांनी असू शकते. ‘प्रलंबित’ न निवडता ‘निकाली’ निवडायला विसरू नये. सापडलेल्या केसचा सोळा अक्षरं-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. पुढे तोच पुरतो.

पडद्यावर केसची स्थिती दिसते, पण कौटुंबिक प्रकरणांतले आदेश बऱ्याचदा उघडत नाहीत. कलम २२ प्रमाणे या केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापणं बेकायदा आहे. खासगीपणासाठी ते योग्यच. पण म्हणूनच मोबाईलवरचा स्क्रीनशॉट कार्यालयात चालत नाही, प्रमाणित प्रतच लागते. आणि संगणकाच्या आधीच्या केसेस तिथे सापडतीलच असं नाही. त्यासाठी कोर्टात जाऊन रजिस्टरमधून शोध घेण्याचा अर्ज द्यावा लागतो.

आदिलाबादच्या लोकांना आणखी एक अडचण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. न्यायालयीन जिल्हे मात्र जून २०२२ मध्ये वेगळे झाले. मधल्या काळातली केस आदिलाबादला दाखल होऊन दुसऱ्या ठिकाणी निकाली निघालेली असू शकते. दाखल कुठे झाली यापेक्षा निकाल कुठे लागला ते विचारावं.

नक्कल काढताना

कोर्टात नकलेचा अर्ज द्यावा लागतो. त्यात केस नंबर, वर्ष, दोघांची नावं, निकालाची तारीख, कोणता कागद हवा ते लिहायचं आणि सोबत ओळखपत्र व फी द्यायची. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. योजनेसाठी हुकूमनामा पुरतो, दुसऱ्या लग्नासाठी किंवा मालमत्तेसाठी दोन्ही काढलेले बरे. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून काही ठिकाणी अपील झालेलं नाही का, हेही विचारतात.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हा कागद मिळवायचा विचार सोडून द्यावा. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की कोर्टाच्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. इचोड्याच्या लेकीची केस महाराष्ट्रात झाली असेल तर तिकडच्या प्राधिकरणाकडेही मदत मागता येते.

परराज्याचा कागद चालतो का?

चालतो. राज्यघटनेचं कलम २६१ सांगतं, की देशातल्या कुठल्याही भागातल्या न्यायालयीन कारवाईला आणि नोंदींना देशभर पूर्ण मान्यता द्यायची. आदिलाबादच्या कोर्टाचा हुकूमनामा नांदेडमध्ये आणि नांदेडचा आदिलाबादमध्ये तितकाच खरा. अडतं ते भाषेवर. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांत मराठी चालते, तेलंगणात तेलुगू आणि इंग्रजी. अंगणवाडी सेविकेच्या हातात तेलुगू कागद किंवा इकडच्या कारकुनाच्या हातात मराठी कागद पडला की तो बाजूला ठेवला जातो. तेव्हा नकलेसोबत प्रमाणित भाषांतर जोडणं शहाणपणाचं. कागद ‘परराज्याचा’ म्हणून कुणी नाकारला तर नकार लेखी मागावा.

लाडकी बहीण योजनेत आणखी एक गुंता आहे. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलेल्या महिलेसाठी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. म्हणजे इचोड्याहून किनवटला दिलेली मुलगी नवऱ्याच्या कागदावर पात्र ठरते. घटस्फोट झाल्यावर ती किनवटलाच राहत असली, तरी तो नवरा आपला दाखला कशाला देईल? तिने स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र वेळेत करून घेतलं नसेल तर हुकूमनामा हातात येऊनही अडचण सुटत नाही.

एकतर्फी निकाल

सगळ्यात कठीण केस एकतर्फी घटस्फोटाची. नवरा पलीकडच्या कोर्टात अर्ज करतो, समन्स चुकीच्या पत्त्यावर जातो, निकाल लागतो आणि माहेरी बसलेल्या बाईला कळतही नाही. कळतं तेव्हा त्याचं दुसरं लग्न झालेलं असतं. असा निकाल रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. समन्स नीट बजावलाच नसेल तर ती निकाल समजल्या दिवसापासून मोजतात. म्हणून शंका आली तर ई-कोर्ट्सवर दोघांच्या नावाने वर्षातून एकदा शोध घ्यावा. केस चालू आहे असं दिसलं तर ती आपल्या राज्यात आणण्याचा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. तिथेही मोफत विधी सेवा आहे.

जिथे कोर्टच नव्हतं

आदिलाबाद जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध समाजाची मोठी वस्ती आहे. कलम २(२) प्रमाणे केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचा काडीमोड पटेल आणि पंचांसमोर होतो आणि तो त्यांच्या रूढीने पक्का असतो. पण कोर्टाचा आदेश मागणाऱ्या अर्जात त्याला जागाच नाही. बंजारा समाजाचं तर आणखी वेगळं आहे. तेलंगणात ते अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच तांड्याच्या दोन लेकींना सीमेच्या दोन बाजूंना वेगळा कायदा लागू शकतो.

अशा महिलांना कोर्टाकडून वैवाहिक दर्जाचा घोषणात्मक आदेश घेता येतो, पण दीड हजार रुपयांच्या अनुदानासाठी दिवाणी दावा लढा असं सांगणं हा उपाय नव्हे. दोन्ही सरकारांना त्याहून सोप्या गोष्टी करता येतील: सूचनेतला ‘प्रमाणपत्र’ हा शब्द काढून ‘हुकूमनामा’ लिहिणं, परराज्याच्या कोर्टाची प्रत चालते हे अंगणवाडी आणि मंडल पातळीवर लेखी कळवणं, जमातींसाठी पंचांचा ठराव आणि स्थानिक चौकशी ग्राह्य धरणं. तोवर ज्यांची केस आज चालू आहे त्यांनी निकालाच्या दिवशी कोर्टातच फुकटची प्रत मागून घ्यावी, तिच्या चार झेरॉक्स काढाव्यात आणि मूळ प्रत माहेरच्या पेटीत ठेवावी.