पंचविसांतला एक

मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या संचात ३६ वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं, आहेत. प्रत्येकात काळ्या शाईतल्या मोजक्या रेघा आणि आकार, सोबत एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, भाषा. झरीना अलीगढच्या, गणिताच्या पदवीधर. बँकॉक, पॅरिस, टोकियो असा प्रवास करत त्या न्यूयॉर्कला स्थिरावल्या आणि मागे राहिलेलं घर त्यांनी भूमितीत मांडलं. या संचाच्या २५ प्रतींची आवृत्ती निघाली.

पंचविसावर थांबणं ही साधी गोष्ट नाही. ड्रायपॉइंटमध्ये सुईने ओरखडल्यावर पत्र्यावर उठलेली नाजूक कड दाबाखाली लवकर झिजते, त्यामुळे प्रतींची मर्यादा धातूच ठरवतो. लाकूड चिवट असतं. जपानमध्ये एकेका चित्राचे हजारो ठसे लाकडावरून निघत. म्हणजे वुडकटच्या मर्यादित आवृत्तीला कलावंताच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नाही. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं ७/२५ हा तो शब्द. तो पाळला जावा म्हणून अनेक मुद्राचित्रकार छपाई पुरी झाल्यावर ठोकळ्यावर चीर मारून तो बाद करतात. पंचवीसही प्रती मूळच असतात. त्यांतली एकही दुसरीची नक्कल नसते.

‘त्यात काय, रेघाच तर आहेत,’ असं अशा चित्रांपुढे उभं राहून म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी झरीना यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) पाहावं. कागदभर पसरलेली एक वेडीवाकडी काळी रेघ, भारत-पाकिस्तान सीमा म्हणून रॅडक्लिफ यांनी १९४७मध्ये आखलेली. फाळणी झाली तेव्हा झरीना दहा वर्षांच्या होत्या. वुडकटमध्ये काळी रेघ कोरता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खरवडून काढावं लागतं, मग ती उरते. आसपासचा मुलूख हातांनी असा उपसून काढल्यावर उभी राहिलेली सीमा ब्रशने ओढलेल्या रेघेइतकी हलकी कशी असेल?

हे सगळं आज सांगायचं कारण आपल्याकडचा बाजार. तैलचित्राचा फोटो काढायचा, इंकजेट यंत्रावर उंची कागदावर उतरवायचा, खाली सही आणि आकडा घालायचा आणि ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ म्हणून विकायचा, हा प्रकार सर्रास चालतो. अशी प्रतिकृती भिंतीवर लावण्यात काहीच वाईट नाही. पण हाताने कोरून छापलेल्या मुद्राचित्राच्या नावाखाली ती विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि मुद्राचित्रण शिकून, हातांना घट्टे पाडून, शाईत बुडून काम करणाऱ्या तरुणांवर उघड अन्याय आहे. त्यांचं काम आधीच तैलचित्रापुढे दुय्यम मानलं जातं. झरीना २०११मध्ये व्हेनिस बिएनालेतल्या भारताच्या दालनात होत्या, हे पाहूनही ती समजूत फारशी ढळलेली नाही.

कलादालनांनी प्रत्येक ठशाखाली तंत्र, छपाईचं वर्ष आणि एकूण प्रती स्पष्ट लिहाव्यात. आणि घेणाऱ्यांनी विचारावं: ठोकळा कुणी कोरला, छपाई कुणी केली, ठोकळ्याचं पुढे काय झालं? नीट उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.