कागद दुसऱ्याच्या हातात

संध्याकाळी गुलमंडीवर पैठण गेटकडून, औरंगपुऱ्याकडून आणि सिटी चौकाकडून येणारी गर्दी एकमेकींत मिसळते. या गर्दीत गेली कित्येक वर्षे येमेन, सुदान, इराक या देशांतून आलेले विद्यार्थी दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात व येथील महाविद्यालयांत शिकण्यासाठी ते येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात, मोडकीतोडकी हिंदी बोलतात आणि बाजारात भाव करायलाही शिकतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पासपोर्टच्या, भाडेकराराच्या, विद्यापीठाच्या पत्राच्या प्रती आणि चेहऱ्यावर तारीख चुकण्याची धास्ती, असा एखादा तरुण झेरॉक्सच्या दुकानापुढे उभा असला तर त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. त्याचा प्रश्न हा आपल्या राजकारणाचा प्रश्न आहे असे आपल्या कार्यकर्त्यांनाही सहसा वाटत नाही. तो तसा आहे, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्याचा व्हिसा अभ्यासक्रमाला आणि संस्थेला बांधलेला असतो. 180 दिवसांहून अधिक राहायचे तर आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. आपल्या शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात चालते, आणि 2018 पासून अर्ज संगणकावरून होतात. मुदत वाढवून घ्यायची म्हणजे विद्यापीठाचे बोनाफाइड प्रमाणपत्र हवे, राहत्या जागेचा पुरावा हवा आणि मायदेशाचा चालू मुदतीचा पासपोर्ट हवा. यादी ऐकायला साधी आहे. तिच्यातील एकही कागद मात्र अर्जदाराच्या स्वतःच्या हातातला नसतो. संशोधन करणाऱ्याच्या प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही राहिली की विद्यापीठाचे पत्र अडते. घरमालकाला भाडे रोख हवे असते, पण लेखी करार म्हटला की त्याला कराची आणि पोलीस ठाण्याची आठवण होते. पासपोर्टसाठी दिल्लीच्या वकिलातीकडे जावे तर मायदेशात सरकार कोणाचे, हाच वाद चालू असतो. येमेनची राजधानी साना 2014 मध्ये एका सत्तेच्या ताब्यात गेली, जगाने मान्य केलेले सरकार एडनमध्ये बसते, आणि 2015 पासून त्या देशाच्या नशिबी युद्ध आले. सुदानमध्ये 2023 च्या एप्रिलपासून तेच. शिकायला आलेल्या मुलाचा अभ्यासक्रम संपला, पण परतायचे घर उरले नाही, तर त्याने कोणत्या रकान्यात खूण करावी?

ही सर्व माणसे स्वतःच्या कसुरीने मुदत चुकवत नाहीत, हे कायद्याला दिसत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून देशात नवा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि 1946 चा जुना परदेशी नागरिक कायदा रद्द झाला. इंग्रजांचा कायदा गेला म्हणून शासनाने स्वतःची पाठ थोपटून घेतली. नव्या कायद्यात मुदतीपलीकडे राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयिताच्याच खांद्यावर ठेवण्याची 1946 ची तरतूद मात्र त्यात जशीच्या तशी आली आहे. इंग्रजांनी युद्धकाळातील संशयातून घडवलेली ही कळ स्वतंत्र भारताने जपून ठेवावी, यात अभिमान वाटण्यासारखे काय आहे, हे आम्हास उमगत नाही. ती केवळ परक्यांपुरती राहत नाही, हे आसामने दाखवून दिले. 31 ऑगस्ट 2019 रोजी तेथील नागरिक नोंदवहीची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा 19 लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली होती. पुरावा तूच आण, असे एकदा म्हटले की बापजाद्यांच्या गावात राहणाऱ्यालाही आपले नाव हुडकत फिरावे लागते.

आपल्या शहराला तर हे निराळे सांगावयास नको. येथील एक स्त्री नातेवाइकांना भेटण्यासाठी लाहोरला गेली, तेथे तिचा पासपोर्ट हरवला, आणि ती सुमारे अठरा वर्षे पाकिस्तानच्या तुरुंगात राहिली. तिच्या नावावर या शहरात घर असल्याची नोंद सापडली, ती माहिती येथील पोलिसांनी पाकिस्तानकडे पोचवली, आणि 2021 च्या जानेवारीत ती घरी परतली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पुढल्याच महिन्यात तिचे निधन झाले. पोलिसांनी केले ते चांगलेच केले, त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण विचार असा येतो की तिच्या नावावर घर होते म्हणून नोंद होती. आपल्या शहरात किती बायकांच्या नावावर घर असते? भाड्याच्या खोलीत राहणारी, घरकाम करणारी बाई तिच्या जागी असती तर तिच्यासाठी कोणत्या दप्तरात काय सापडले असते?

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहू. मराठवाड्यातून आणि कोकणातून आखाती देशांत गेलेल्या कामगारांची स्थिती त्या येमेनी विद्यार्थ्याहून वेगळी नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरीची अट असते. 1983 च्या कायद्यानुसार ती घेऊन तो जातो. सौदी अरेबियात त्याचे राहणे इकाम्यावर आणि इकामा मालकावर अवलंबून असतो. इकाम्याचा खर्च व नूतनीकरणाच्या विलंबाचा दंड मालकाने सोसावा असे तेथील कामगार कायदा सांगतो, आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवू नये असेही सांगतो. व्यवहारात पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, इकाम्याची मुदत संपलेली आणि पगार थकलेला, अशा अवस्थेत हजारो माणसांनी वर्षे काढली आहेत. कामगाराने तोंड उघडले की मालक तो पळून गेल्याची नोंद करतो. या नोंदीला तेथे 'हुरूब' म्हणतात. त्या एका शब्दाने काल कष्ट करणारा माणूस आज गुन्हेगार ठरतो. सौदीने 2021 च्या मार्चमध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले, परंतु घरकामगारांना त्यातून वगळले. म्हणजे ज्यांना सवलतीची सर्वांत जास्त गरज, तेच बाहेर.

संयुक्त अरब अमिरातीने 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत मुदत उलटलेल्यांना माफी दिली, तेव्हा भारतीय दूतावासांनी आपल्या लोकांसाठी मदतकेंद्रे उघडली. ते योग्यच झाले. आपल्या कामगाराची मुदत मालकामुळे उलटली हे आपले सरकार दुबईत समजू शकते. मग पोलीस आयुक्तालयाच्या दारात उभ्या असलेल्या सुदानी मुलाविषयी तेच समजून घेण्यात अडचण कोणती?

कागदाचा हा जाच सर्वांना सारखा असता तर त्याला निदान समान अन्याय तरी म्हणता आले असते. अमिरातीत 20 लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला दहा वर्षांचा सुवर्ण व्हिसा मिळतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी 2025 मध्ये दहा लाख डॉलरचे सुवर्णपत्र काढले. आणि दूर कशाला जायचे, आपल्याच मंत्रिमंडळाने 2016 च्या ऑगस्टमध्ये अशी योजना मंजूर केली की दीड वर्षात 10 कोटी किंवा तीन वर्षांत 25 कोटी रुपये गुंतवणाऱ्या परदेशीयास दहा वर्षांचा कायम रहिवासी दर्जा मिळावा, आणि त्याला नोंदणीच्या कटकटीतूनही सूट असावी. म्हणजे नोंदणी ही सुरक्षेसाठी अपरिहार्य आहे असे जे सांगितले जाते, ते दहा कोटींच्या खालच्या माणसांपुरतेच खरे मानायचे काय?

सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हद्दीत कोण राहतो हे शासनाला ठाऊक असले पाहिजे, आणि बनावट कागदांचा धंदा चालतो हेही सत्य आहे. तथापि तो धंदा कशाने फोफावतो याचा अनुभव या भूमीने घेतलेला आहे. निजामाच्या राज्यात नोकरीसाठी मुल्की असावे लागे. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे वास्तव्य करून, परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दिले तर तो मुल्की ठरत असे. पुढे प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आली तशी खोटी प्रमाणपत्रे निघू लागली आणि 1952 मध्ये हैदराबाद राज्यात त्यावरून मोठे आंदोलन पेटले. वशिला व पैसा असणारा कागद मिळवतोच, आणि प्रामाणिक मनुष्य खिडकीपुढे उभा राहतो. निजामाच्या राजवटीचे गोडवे गाण्याची आम्हास हौस नाही. पण परक्यातून आपला होण्याची एक वाट त्या सरंजामी नियमातही होती. आज बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते खरे, परंतु 2003 च्या दुरुस्तीनुसार मुदतीपलीकडे राहिलेला माणूस 'अवैध स्थलांतरित' ठरतो, आणि त्याला ही वाट बंद होते. विद्यापीठाच्या पत्राला झालेल्या उशिराची किंमत एवढी जबर असू शकते. (हे शहर ज्याने 1610 मध्ये खडकी या नावाने वसवले आणि ज्याच्या नहरीने येथील वाड्यांना पाणी पुरवले, तो मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला होता. त्याच्याकडे रहिवासाचा दाखला नव्हता हे शहराचे भाग्य म्हणावे लागेल.)

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. ज्या कागदाला विद्यापीठाकडून विलंब झाला त्याचा जाब विद्यापीठाला विचारावा. मुदतीपूर्वी अर्ज केलेल्या माणसाचे राहणे, निर्णय होईपर्यंत, कायदेशीर मानले जावे. युद्धग्रस्त देशांच्या विद्यार्थ्यांना शिक्षेतून सूट द्यावी. हे करण्याचा अधिकार केंद्र सरकारपाशी आहे आणि तो वापरलाही गेला आहे. नवा कायदा लागू झाला त्याच दिवशी काढलेल्या आदेशाने शेजारच्या तीन देशांतील अल्पसंख्याकांना आणि नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ निर्वासितांना अशी सूट दिली गेली. 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून सर्व काही सरकारच्या मर्जीवर राहते. मर्जी धर्म व देश पाहून बदलावी, हे आम्हास मान्य नाही.

पण मागण्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. रेशनकार्डाचे आणि निराधार योजनेचे अर्ज भरून देण्याचे काम आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्याच टेबलावर हेही काम घ्यावे. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या भागांत परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकांना भेटावे. करार लिहून दिल्याने त्यांचे नुकसान होत नाही, उलट भाडेकरूची माहिती दडवल्यानेच ते अडचणीत येतात, हे त्यांना पटवून द्यावे. विद्यार्थ्यांच्या मुदतीच्या तारखा एका वहीत उतरवून ठेवाव्यात आणि तीन महिने अगोदर त्यांना हटकावे. ज्या घरातले कोणी आखातात आहे तेथे जाऊन पासपोर्ट, करारपत्र आणि इकामा यांच्या प्रती घरात आहेत की नाहीत हे विचारावे. पुष्कळ घरांत त्या नसतात, आणि संकटाच्या वेळी पहिले पंधरा दिवस पासपोर्टचा क्रमांक शोधण्यातच जातात. इकाम्याची मुदत पुष्कळदा हिजरी सनात लिहिलेली असते. ती कोणा जाणकाराकडून इंग्रजी तारखेत मांडून घ्यावी आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.