मानमोडीच्या लशीवरील आक्षेपांचा विचार

लस देऊनही कोंबड्यांना मानमोडी होते, सबब लसीकरण हा व्यर्थ खर्च होय, असा पूर्वपक्ष परसातील कुक्कुटपालनाच्या संदर्भात वारंवार मांडला जातो. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे ‘राणीखेत’ हेही नाव मिळालेला हा विषाणुजन्य रोग श्वसनमार्गातून शिरतो, पक्ष्याला धाप लागते, पुढे मज्जासंस्था ग्रासली जाऊन मान पिळवटते, आणि लस न दिलेले खुराडे बहुधा रिकामे होते. पूर्वपक्षातील निरीक्षण खोटे नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

लासोटा किंवा एफ या सौम्य वाणांच्या लशीत जिवंत विषाणू असतो आणि तो जिवंत राहिला तरच लशीचा उपयोग होतो. त्यामुळे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाबाहेर उन्हातून पिशवीत आणलेली किंवा क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात कालवलेली लस दिली काय आणि न दिली काय, सारखेच. शिवाय अंड्यावाटे आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी रक्तातील प्रथिने, कोवळ्या पिल्लात लशीच्या विषाणूलाही अडवतात, म्हणून पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकल्यावर चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा मात्रा आणि दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी ही अधिक तीव्र लस टोचावी लागते. शेजारी मर लागल्यावर धावपळ करून दिलेल्या लशीला तर प्रतिकारशक्ती निर्माण करण्याइतका अवधीच मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या वाणांच्या लशी आजच्या विषाणूपुढे, विशेषतः सातव्या जनुकीय गटापुढे, निष्प्रभ ठरतात. तथापि प्रतिपिंडांच्या दृष्टीने हा विषाणू एकाच प्रकारात मोडतो, त्यामुळे नीट दिलेली जुनी लसही बहुतांश मृत्यू टाळते. विष्ठेतून व श्वासातून विषाणू बाहेर पडणे ती पूर्णपणे थांबवत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण लस घेतलेली, धडधाकट दिसणारी कोंबडी शेजारच्या लसहीन खुराड्यात रोग नेऊ शकत असेल, तर त्यातून सिद्ध होते ती संपूर्ण वस्तीच्या लसीकरणाची निकड, लशीचा त्याग नव्हे.

खरी अडचण व्यवहारातील आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, हे दहा कोंबड्यांच्या घराला कसे जमावे? ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता अधिक सोसणारी आय-टू ही लस मोझांबिकसारख्या देशांत गावातील प्रशिक्षित माणसे डोळ्यात थेंब टाकून देतात. तशी सोय नसेल तेथेही वस्तीने मिळून एक कुपी आणून ती एकाच दिवशी वापरावी, आणि तीही अंधार पडल्यावर किंवा भल्या पहाटे, कारण दिवसा मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या हाती लागत नाहीत.