कापूर आणि काजळी

हिवाळ्यात सकाळच्या तासाला येताना शहराच्या कडेच्या वसाहतींवर एक करडा थर जमिनीलगत पसरलेला दिसतो. कोणी त्याला धुके म्हणतो, कोणी धूळ. घसा मात्र तो धूर असल्याचे सांगतो.

वर्तमानपत्रांतून हवेतील सूक्ष्म कणांचे आकडे येत असतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण दर घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत, एवढे ते सांगतात. २००९ साली ठरलेल्या भारतीय मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी ४० पेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ सांगितली. आकडे हवेतच. पण नुसते वजन सांगणे म्हणजे गोणीत काय भरले आहे हे न पाहता ती तोलणे होय, असे मला वाटते.

धुराच्या कणात कार्बन दोन रूपांत असतो. देवघरातलेच उदाहरण घेऊ. कापूर डबीत उघडा ठेवला तर आपोआप उडून जातो. निरांजनाची काजळी वर्षभर ठेवली तरी जागची हलत नाही. धुरातील सेंद्रिय कार्बनचा बराच भाग कापरासारखा बाष्पनशील असतो. पहाटेच्या गारठ्यात तो कणांवर बसतो, ऊन चढले की उडतो. काळा कार्बन मात्र काजळीच असतो. म्हणून प्रयोगशाळेत नमुन्याचा कागद आधी हेलियम वायूत तापवतात, तेव्हा मुख्यतः सेंद्रिय भाग निघून जातो. नंतर प्राणवायू सोडला की काजळी जळते. दोन्ही वेळा निघालेला कार्बन मोजला की कणाची जातकुळी कळते.

उडून गेले म्हणजे संपले, असेही नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबिन्सन, डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की, डिझेलच्या धुरातील सेंद्रिय कणांचा बराच भाग हवेत विरळ होताच वाफ होऊन जातो, आणि सूर्यप्रकाशात त्या वाफेवर रासायनिक क्रिया होऊन नवे कण तयार होतात. दुपारी आकाश मोकळे दिसले म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही.

आता प्रश्न असा, की ही काजळी कोणाची? आपण तत्काळ मालमोटारींकडे बोट दाखवतो. पण पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हिवाळ्यात गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास गुस्टाफसन व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. कोळसा आणि डिझेल कोट्यवधी वर्षांचे जुने, त्यांत किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकूड, गोवऱ्या, पाचट यांत तो असतो. या कसोटीवर काजळीचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग लाकूडफाटा व शेतातील काडीकचऱ्यासारख्या वस्तू जाळण्यातून आलेला ठरला. म्हणजे दोष केवळ रस्त्यावरच्या वाहनांचा नाही. चूल, उसाचे पेटवलेले फड आणि कोपऱ्यावर जळणारा कचरा यांचाही आहे.

यावरून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला दोषी ठरवणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. तो धूर सर्वांत आधी तिच्याच छातीत जातो, आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे तिला परवडत नाही म्हणून ती चूल पेटवते. परंतु ज्यांना पर्याय आहे, त्यांचे काय? उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठरवला. तरीही वर्गात प्रदूषणावर व्याख्यान चालू असताना मागच्या मैदानात पालापाचोळा आणि जुन्या उत्तरपत्रिका जळत असतात, आणि आपण फक्त खिडकी लावून घेतो!

माझी सूचना साधी आहे. आवारातला पाला खड्ड्यात टाकून खत करावे, रद्दी विकावी. रसायन विभागातील विद्यार्थ्यांनी गाळणकागदावर रोजचा नमुना घ्यावा; कागद किती काळा झाला, एवढी नोंद ठेवली तरी आरंभाला पुरे. तो कागद तारखेसह दाराशी लावावा, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन ओळी लिहाव्यात. सरकारने वजनाबरोबर कणांची घटना सांगावी ही मागणी आपण जरूर करू. पण त्याआधी आपल्या मागच्या मैदानातली आग विझली पाहिजे. नाहीतर ती मागणी करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.