पिशवी जाळीची, भार अस्तराचा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतणाऱ्याच्या खांद्याला पुस्तकांनी भरलेली शबनम असते. घोडपदेवच्या ज्या भगिनी सुती दोऱ्याची जाळीदार शबनम विणतात, त्यांना आमचे सांगणे आहे. नुसती जाळी ग्रंथांच्या वजनाने लोंबते, पेन गळून पडते. विणकाम आधी धुवून, सपाट वाळवून मगच माप घ्यावे. मांजरपाटाचे अस्तर बोटभर आखूड ठेवावे, म्हणजे भार कापडावर येतो. पट्टाही अस्तरालाच शिवावा आणि त्याला आतून कापडी पट्टी लावावी. नाहीतर पिशवी गुडघ्याला लागते!

किंमत मात्र आम्हांला पटत नाही. दोरा-कापडाचेच पैसे लावता, विणण्याचे काय? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्या लेकींनीच मजुरी सोडावी? विणण्याचे तास वहीत मांडा, मग भाव सांगा.